शेदोनशे प्रतींचे वाङ्मय

पोलादपूर मागे पडले की मुंबई-गोवा महामार्ग कशेडीच्या घाटाला लागतो. घाटाला आता बोगद्याचा पर्याय झाला असून प्रवासाचा पुष्कळ वेळ वाचतो. पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे, दिवाळी अंक या वाटेने बिनबोभाट पोचतात. मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या छोट्या प्रकाशनाने काढलेला शेदोनशे प्रतींचा कवितासंग्रह मात्र महाड-पोलादपूरच्या वाचकाच्या हाती क्वचितच पडतो, आणि पडला तरी फार काळ टिकत नाही. रस्ता रुंद केल्याने सुटणारा हा प्रश्न नव्हे. तो ग्रंथालयांच्या दृष्टीचा प्रश्न आहे.

मराठी नवकवितेनंतरचा मोठा भाग असल्याच तुटपुंज्या छपाईतून पुढे आला आहे, हे विसरून चालणार नाही. 1950 च्या दशकाच्या मध्यास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि कचेरीची परिपत्रके ज्या यंत्रावर निघत, त्याच यंत्रावर नवी कविता निघाली. पुढच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, राजा ढाले यांचे ‘येरू’ अशी अंकांची मालिकाच सुरू झाली. मजकूर आणि पैसे जमतील तेव्हा अंक निघे. शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने 1977 मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आणि 2003 मध्ये ‘भिजकी वही’ प्रसिद्ध केली. ‘भिजकी वही’ला 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ही 1976 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या कविमित्रांनी मिळून चालवलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’नेच काढली होती. बाजाराने किंमत करण्याआधी कवींनी आपली पुस्तके आपणच उभी केली, असा हा इतिहास आहे.

या वृत्तीचे चित्रकलेतील भावंड म्हणजे कोलाज. शाळेतील चिकटकामाच्या तासाला मुले जे करतात, तेच पिकासो आणि ब्राक यांनी 1912 मध्ये चित्राच्या चौकटीत आणले. पहिल्या महायुद्धानंतरच्या हानोफर शहरात कुर्ट श्विटर्सने तिकिटे, वेष्टने, वर्तमानपत्रांचे कपटे यांतून चित्रे रचली. एका बँकेच्या छापील नावातून कापलेले ‘मेर्त्झ’ हे चार अक्षरांचे तुकडेवजा नाव त्याने आपल्या कलेला दिले आणि त्याच नावाचे नियतकालिकही 1923 पासून चालवले. कवी, चित्रकार आणि प्रकाशक या तिन्ही भूमिका तेथे एकाच माणसाने निभावल्या. जुनेराच्या तुकड्यांची गोधडी शिवणाऱ्या कोकणातील घरांना ही रीत परकी वाटू नये. हाताशी आहे त्यातून घडवावे आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागू नये, हेच दोन्हींचे मर्म होय.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गैरवाजवी नाही. आज संगणकावर पन्नास प्रतीही छापता येतात. त्यामुळे स्वखर्चाने काढलेल्या संग्रहांचे पीक आले आहे, ते सारे का जपावे, असे विचारले जाते. सारे जपावे असे कोणीच म्हणणार नाही. परंतु स्वखर्च आणि स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘प्रास’ची ओळख थोड्या प्रतींमुळे झाली नाही; ती निवडीच्या आणि संपादनाच्या कठोरपणामुळे झाली. छपाई स्वस्त झाली म्हणून संपादकाची गरज संपत नाही, उलट वाढते. ग्रंथपालाने पुस्तक निवडताना हाच निकष लावावा. प्रकाशकाचे नाव मोठे की लहान, किंवा विक्रेता सवलत किती देतो, हे निकष होऊ शकत नाहीत.

जपणुकीचे महत्त्व या परिसराला तरी वेगळे सांगावे लागू नये. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि 3 एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले. ते 1929 पर्यंतच चालले. राज्य शासनाने 1990 मध्ये त्याचे अंक ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, ते कुणीतरी मूळ अंक सांभाळून ठेवले होते म्हणूनच. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात दाखवली जाते, त्यांच्या काव्याचे हस्तलिखित मात्र जपले गेले ते दूर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. आणि 22 जुलै 2021 च्या महापुरात महाडच्या घराघरांत पाणी शिरले, तेव्हा कागदाचे आयुष्य किती क्षणभंगुर असते हे सर्वांनीच पाहिले. हजारोंनी छापलेले पुस्तक अशा आपत्तीनंतर पुन्हा मिळवता येते. शेदोनशे प्रतींचे गेले की बहुधा कायमचेच जाते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते. त्या पैशातून वर्षाकाठी मूठभर पुस्तके छोट्या प्रकाशनांची घेणे अवघड नाही. लघुनियतकालिकांच्या चळवळीतील सतीश काळसेकर अखेरची वर्षे रायगड जिल्ह्यातल्याच पेणला राहिले. त्या पिढीचे जुने अंक या जिल्ह्यातील कपाटांतही असू शकतील. ते मिळवणे, वरच्या मजल्यावर ठेवणे आणि त्यांची छायाचित्रे काढून दुसऱ्या गावी एक संच राखणे, एवढे काम एखादा शिक्षक आणि त्याचे चार विद्यार्थी एका सुटीत करू शकतील. कवींनी पदरमोड करून आपले काम केले. आता पाळी वाचकांची आहे.