पणजोबा एक, कागद दोन

जातीच्या दाखल्यासाठी कागद काढणाऱ्यांचे फोन हल्ली रोज येतात. प्रश्न ठरलेला: "भाऊ, पणजोबाची नोंद दोन ठिकाणी वेगळी आहे. जुन्या जनगणनेत बघता येईल का?"

नाही येत. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ आडवं येतं. अमेरिकेत ७२ वर्षांनी मूळ याद्या खुल्या होतात, १९५० ची २०२२ मध्ये झाली. आपल्याकडे उरतं कोतवाल बुक (गाव नमुना १४) आणि शाळेचं जनरल रजिस्टर.

या दोघांचं जुळलं नाही तर नोंद कधी झाली, माहिती कुणी दिली, ते बघा. कोतवाल बुकात जन्म त्याच सुमारास चढायचा. शाळेत मास्तर अंदाजाने १ जून टाकायचे. (अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी, तो असा!) म्हणून तारखेला कोतवाल बुक धरा. पण त्यात बाळाचं नाव बहुतेक नसतंच, नुसतं बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी. मग वारसाचा फेरफार काढून भावंडांचा क्रम लावावा लागतो.

सोयीचा कागद जोडून दुसरा दडवणारे मला पटत नाहीत. पडताळणीत दक्षता पथक तो शोधतंच, आणि पोराचा प्रवेश अडकतो. दोन्ही जोडा, फरक लेखी सांगा.

आणि प्रशासनाने नुसत्या नावांच्या याद्या लावू नयेत. कोतवाल बुकाची मोडीतली पानंच्या पानं स्कॅन करून टाका, तुकडे पडायच्या आत.