बोर्ड भाड्याने देणार? मग आधी वजनकाटा घ्या!



कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर वॉटर स्पोर्ट्सचा धंदा करायचाय, असं म्हणणारे बरेच जण भेटतात. त्यातल्या काहींच्या डोक्यात विंडसर्फिंग असतं. इंजिन नाही, डिझेल नाही, वारा फुकट. कागदावर हिशोब एकदम झकास दिसतो. पण त्या कागदावर ‘मेंटेनन्स’समोर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. ज्याला बोर्डमध्ये पाणी शिरू न देणं जमतं, त्यानेच हा धंदा करावा. आणि त्यासाठी पहिली खरेदी बोर्डची नाही, वजनकाट्याची करावी. का, ते बघूया.

बोर्डच्या पोटात काय असतं?

आजच्या बहुतेक बोर्डमध्ये आत थर्माकोलसारखा हलका फोम असतो. त्यावर फायबरचं कापड आणि इपॉक्सी रेझिनचं पातळ कवच. बोर्ड तरंगतो तो या हलकेपणामुळे. कवचाला केसाएवढी चीर पडली, तरी पाणी आत जातं आणि फोमच्या दाण्यांमधल्या फटींत बसतं. आत जायला मिनिटं लागतात, बाहेर यायला आठवडे.

आता गंमत बघा. बोर्ड दुपारभर वाळूवर उन्हात पडलाय. आतली हवा तापली, फुगली. तेवढ्यात कस्टमर आला आणि तुम्ही तो गरम बोर्ड थेट पाण्यात ढकलला. हवा थंड होऊन आकसते आणि चिरेतून पाणी आत ओढून घेते, अगदी ड्रॉपरसारखं. म्हणजे बोर्ड सावलीत ठेवणं हे चोचले नाहीत, धंद्याचा नियम आहे. सावली नसेल तर किमान ओल्या चादरीने झाका.

बऱ्याच बोर्डवर वरच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याला व्हेंट स्क्रू म्हणतात. बोर्ड घाटातून किंवा विमानाने न्यायचा असेल, नाहीतर तापणाऱ्या जागी ठेवायचा असेल, तर तो उघडायचा. म्हणजे आतला दाब मोकळा होतो. पण पाण्यात उतरण्याआधी तो बंद झालाच पाहिजे! त्याखालची रबरी रिंग चिरली असेल तर लगेच बदला. रिंग काही रुपयांची, बोर्ड हजारोंचा.

रोज पाच जागा बघा

१. पुढचं टोक. शिकाऊ माणूस पडला की मास्ट इथेच आदळतो.
२. मास्ट ट्रॅक, म्हणजे शीड जिथे जोडतात ती खाच.
३. पाय अडकवायच्या पट्ट्यांचे स्क्रू.
४. मागचा फिन बॉक्स.
५. दोन्ही कडा.

आधी गोड्या पाण्याने धुवा, वाळू काढा, मग बोट फिरवून बघा. शंका आली तर बोर्ड काही मिनिटं उन्हात कोमट होऊ द्या आणि साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे भोक आहे. पंपाने हवा मात्र भरू नका, कवच फोमपासून सुटू शकतं.

काटा काय सांगतो?

नवा बोर्ड आला की कोरडा असताना वजन करा आणि वहीत लिहा. मासे तोलतात तसला हुकाचा डिजिटल काटा चालतो. मग दर आठवड्याला, तेच सगळे भाग लावून, पुन्हा वजन. १ लिटर पाणी म्हणजे साधारण १ किलो. १२ किलोचा बोर्ड १३ किलो झाला, तर आत जवळपास १ लिटर पाणी आहे. डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं. सेकंडहँड बोर्ड घेतानाही कंपनीने दिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन ताडून बघा, मगच भाव करा.

पाणी निघालं तर बोर्ड बंद. भोक खालच्या बाजूला करून सावलीत, हवेशीर जागी उभा ठेवा. वजन उतरायचं थांबेपर्यंत दुरुस्ती करू नका, नाहीतर पाणी आतच कोंडलं जाईल.

दुरुस्तीतली मोठी चूक

किनाऱ्यावर होड्यांचं फायबरचं काम करणारे कारागीर सहज मिळतात. हात चांगला असतो, पण होडीसाठी बऱ्याचदा पॉलिस्टर रेझिन वापरतात. ते थर्माकोल विरघळवतं! छोटं भोक बुजवायला गेलात आणि आत पोकळी करून आलात. म्हणून इपॉक्सीच मागा. खात्री नसेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाकून बघा. तुकडा वितळला तर ते रेझिन तुमच्या बोर्डला नको.

आता पैसे आणि जबाबदारी

समजा एका राइडचे ८०० रुपये आणि दिवसाला ५ राइड. बोर्ड सीझनमध्ये १५ दिवस वाळत पडला, तर ६०,००० रुपयांचा गल्ला गेला. त्यापेक्षा प्रत्येक राइडचे ५० रुपये वेगळे काढा. १५ दिवसांत ३,७५० रुपये जमतात. त्यात इपॉक्सी, फायबर कापड, रबरी रिंगा, सगळं येतं. पावसाळ्यात धंदा बंद असतो, पण दमट हवेत बोर्ड वाळत नाही. म्हणून मोठी तपासणी मे महिन्यातच उरका.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट सांगतो. ओला फोम कमजोर होतो, मास्ट ट्रॅकची पकड सुटू शकते. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. अशा वेळी शीड निसटलं, तर तुमचा कस्टमर खोल पाण्याकडे वाहत जाणार. त्याने तुमच्या भरवशावर पाण्यात पाय टाकलाय, मित्रांनो.

म्हणून बोर्डचं कोटेशन मागवायच्या आधी दोनशे पानी वही आणि काटा आणा. दर आठवड्याला वजन लिहायचा कंटाळा येणार असेल, तर दुसरा धंदा निवडा, त्यात कमीपणा नाही. आणि लिहायची तयारी असेल, तर बिनधास्त उतरा. वारा आहेच!