बारावीची गुणपत्रिका आणि दोन तासांचा निवाडा

समजा, एका घरातील मुलीला बारावीला ९१ टक्के गुण आहेत आणि विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, म्हणजे 'क्लॅट'मध्ये, १२० पैकी ५८. शेजारच्या घरातील मुलाला बारावीला ६२ टक्के आणि 'क्लॅट'मध्ये ९०. दोन्ही घरांतील पालकांना एकाच प्रश्नाने ग्रासले आहे : राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता कितपत? मुलीचे आईवडील ९१ टक्क्यांकडे बोट दाखवून स्वतःची समजूत घालतात, मुलाचे आईवडील ६२ टक्क्यांमुळे धास्तावतात. दोघांचाही हिशेब चुकतो आहे. कारण या प्रवेशप्रक्रियेत बारावीच्या गुणांना खुल्या गटासाठी ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के एवढा उंबरठा ओलांडण्यापुरतीच किंमत आहे. उंबरठा ओलांडला की ६२ आणि ९१ सारखेच!

बारा वर्षांच्या विद्याभ्यासाचे मोल एका प्रवेशपत्राइतके ठरवणारी ही व्यवस्था कोणत्या शैक्षणिक विचारातून आली, हे तिच्या कर्त्यांनी कधीतरी समाजाला सांगायला हवे. २००८ साली ही परीक्षा सुरू झाली ती एका चांगल्या हेतूने. प्रत्येक विधी विद्यापीठाची वेगळी परीक्षा, वेगळे शुल्क, वेगळा प्रवास, हा विद्यार्थ्यांचा छळ थांबावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आणि सात विद्यापीठे एकत्र आली. पण छळ थांबवताना एक परीक्षा हाच एकमेव मापदंड झाला. त्याचा परिणाम आज शहराशहरांत दिसतो. कनिष्ठ महाविद्यालयात नाव नोंदवायचे, वर्गात पाऊल टाकायचे नाही आणि दोन वर्षे शिकवणीच्या दुकानात घालवायची. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी साहित्य मन लावून शिकणारा विद्यार्थी या व्यवहारात भाबडा ठरतो. उद्याचा वकील घडवायचा तो असा?

आणि ही परीक्षा नेमके काय मोजते? १२० मिनिटांत १२० प्रश्न. प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रश्न सुटे नाहीत, लांबलचक उताऱ्यांवर आधारलेले, आणि सारे इंग्रजीत. गणिताचा प्रश्नही आधी इंग्रजी उतारा वाचून मगच सोडवायचा. बार्शीच्या किंवा चिपळूणच्या मराठी शाळेत तर्कशुद्ध विचार करायला शिकलेली मुलगी येथे मागे पडते ती बुद्धीत नव्हे, तर इंग्रजी वाचनाच्या वेगात. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' मराठीत देता येते, अभियांत्रिकीची 'जेईई मेन' मराठीत देता येते. महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना राज्याने १९९८ साली काढली. त्याच न्यायालयांत उभे राहू इच्छिणाऱ्या मुलीची परीक्षा मात्र इंग्रजीतच! मेकॉलेला याहून अधिक काय हवे होते? 'क्लॅट' भारतीय भाषांतून घ्यावी, अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली, तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियानेही त्या मागणीला पाठिंबा दिला. विद्यापीठांच्या संघाला मात्र अडचणींचीच यादी आठवली.

एकमेव निवाडा करणारी परीक्षा निदान स्वतः तरी निर्दोष हवी. २०१८ मध्ये केंद्रांवरील संगणक बंद पडले आणि वाया गेलेल्या वेळेची भरपाई करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेत तर प्रश्न आणि त्यांची उत्तरेच सदोष निघाली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे २०२५ मध्ये निर्णय देताना, प्रश्न ज्या बेफिकिरीने काढले गेले त्याबद्दल न्यायालयाने तीव्र नाराजी व्यक्त केली. एक उत्तर बरोबरचे चूक ठरले की सव्वा गुण जातो. जेथे पाव गुणाने क्रमांक मागे-पुढे होतात, तेथे सव्वा गुण म्हणजे विद्यापीठ बदलणे, प्रसंगी वर्ष वाया जाणे. कायदा शिकवणाऱ्यांच्या घरचा हा न्याय!

यावर ठरलेला आक्षेप असा की, मंडळामंडळांच्या गुणांत तफावत असते. कोठे ९५ टक्के सहज मिळतात, कोठे ८० मिळवतानाही घाम फुटतो. आक्षेप खरा आहे, पण उपाय नसलेला नाही. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्रवेशात २०१३ ते २०१६ या काळात बारावीला ४० टक्के भार होता आणि प्रत्येक मंडळातील विद्यार्थ्याचे स्थान पर्सेंटाइलने काढले जात होते. ती पद्धत पुढे सोडून दिली गेली. तरी निरनिराळ्या मंडळांचे गुण एका तराजूत घालता येतात, एवढे तीतून सिद्ध झाले. अमेरिकेतील विधी महाविद्यालये 'एलसॅट'चे गुण आणि पदवीच्या सर्व वर्षांची सरासरी दोन्ही पाहतात. एक बाजू भक्कम आणि दुसरी लंगडी असलेल्या विद्यार्थ्याला तेथे 'स्प्लिटर' असे नावच आहे. त्याचा अर्ज उचलून निदान वाचला तरी जातो. (तेथेही महाविद्यालयांचा डोळा क्रमवारीवर असतो, हा भाग वेगळा.) ऊठसूट अमेरिकेचा दाखला देणाऱ्या आपल्या विद्वानांना नेमके एवढेच तेथून आणता आले नाही.

व्यवस्था बदलेपर्यंत पालकांनी गुणांपेक्षा अखिल भारतीय क्रमांकाकडे पाहावे. मागील वर्षीच्या गुणांशी तुलना निरर्थक आहे, कारण प्रश्नपत्रिकेचा कस दरवर्षी बदलतो. बंगळुरूचे दार बंद झाले तरी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विधी विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. शिवाय राज्याची स्वतंत्र विधी सीईटी आहे. ती मराठीतून देता येते, तिच्यात चुकीला गुण वजा होत नाहीत, आणि तिच्याच आधारे १८५५ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय व १९२४ पासून चालत आलेले पुण्याचे आयएलएस येथे प्रवेश मिळतो.

जी गोष्ट राज्याच्या सीईटी कक्षाला जमते, ती देशभरातील विधी विद्यापीठांच्या संघाला जमू नये? मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरची विद्यापीठे महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेल्या २०१४ च्या कायद्याने जन्मास आली आहेत. मराठीतून प्रश्नपत्रिका आणि बारावीच्या पर्सेंटाइलला निश्चित भार, या दोन मागण्या त्या तीन विद्यापीठांनी संघापुढे लेखी मांडाव्यात, असे राज्य सरकारने त्यांना कधी सांगितले आहे काय, हा प्रश्न पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने विचारावा.