दहा सेकंदांच्या डावाचे मोल

विशेष प्रतिनिधी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा चाकरमानी लोकलच्या गर्दीत मोबाइलवर एका मिनिटाचा बुद्धिबळाचा डाव उरकतो, तेव्हा या वेगाचे आपल्याला कौतुक वाटते. संगणकांच्या जगात मात्र हा वेग संथच ठरतो. ‘स्टॉकफिश’ या बलाढ्य बुद्धिबळ इंजिनाच्या प्राथमिक चाचणीत प्रत्येक बाजूला संपूर्ण डावासाठी १० सेकंद आणि प्रत्येक चालीमागे एक दशांश सेकंद एवढाच अवधी मिळतो. साठ चालींचा डाव अर्ध्या मिनिटात निकाली निघतो.

एवढी घाई कशासाठी? याचे उत्तर संख्याशास्त्रात आहे. इंजिनातील एकेक सुधारणा अत्यंत सूक्ष्म, अवघ्या एक-दोन एलो गुणांची असते. शंभर डावांत ५५-४५ असा निकाल लागला, तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. खात्रीसाठी हजारो डाव लागतात. माणसांच्या पारंपरिक स्पर्धेतील एक डाव पाच तास चालू शकतो. तेवढ्या वेळात एका संगणकावर असे पाचशेहून अधिक डाव होतात. २०१३मध्ये सुरू झालेल्या ‘फिशटेस्ट’ या व्यवस्थेत जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक याच कामासाठी देतात.

तथापि, वेगाला मर्यादाही आहेत. अल्प वेळेत उपयोगी पडणारी युक्ती दीर्घ विचारात निरुपयोगी ठरू शकते. म्हणूनच पहिल्या चाचणीत उत्तीर्ण झालेला बदल पुन्हा ६० सेकंदांच्या डावांत पारखला जातो. ‘अल्फाझीरो’ने डिसेंबर २०१७मध्ये स्टॉकफिशला नमवले, तेव्हा प्रत्येक चालीला सक्तीचा एक मिनिट देण्याच्या नियमावर टीका झाली. २०१८मध्ये तीन तासांच्या डावांचे निकाल प्रसिद्ध झाल्यावरच त्या दाव्याला बळकटी आली.

माणसाला मात्र हजारो डावांची मुभा नसते. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हंपीविरुद्धचे अंतिम फेरीतील दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांनी निर्णय दिला. यंत्राच्या बाबतीत शंभर डावही जिथे अपुरे मानले जातात, तिथे माणसाचे भवितव्य दोन डावांत ठरते.

दिव्याच्या यशानंतर आपल्या मुलांना बुद्धिबळाच्या वर्गाला घालू पाहणाऱ्या पालकांनी यातील मर्म ओळखायला हवे. मोबाइलवरील चार-दोन झटपट विजयांनी मूल हुशार ठरत नाही आणि तेवढ्याच पराभवांनी ते मंदही ठरत नाही. यंत्र घडवणारेदेखील घाईने निष्कर्ष काढत नाहीत. आधी भरपूर डाव, मग दीर्घ डाव आणि त्यानंतरच निकाल, असा त्यांचा शिरस्ता आहे. यंत्राला दाखवला जाणारा हा संयम मुलांच्या वाट्यालाही यायला हवा.