आधी तपासणीचे पैसे द्या, मग पार्टचे

इंजिनकाम होऊन आलेली गाडी सुरू झाली नाही, की पहिल्यांदा बॅटरी बदलली जाते. मग प्लग, मग कॉइल, आणि शेवटी ‘कार्बोरेटरच गेलाय’ असा निकाल लागतो. तोवर मालकाचे काही हजार गेलेले असतात आणि गाडी तिथंच उभी असते. नागपूरजवळ बुटीबोरीत हैदराबाद रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांच्या गाड्या, मालाच्या पिकअप, आजूबाजूच्या गावांतली जुनी वाहनं, सगळं येतं. दुसरीकडे इंजिन बांधलं आणि सुरू होईना म्हणून टोचन करून आणलेल्या गाड्याही येतात. त्यांच्यात खराब पार्ट मला क्वचितच सापडतो. सापडतो तो बांधणीतला घोळ.

यात जादू काही नाही. इंजिन खोलायच्या आदल्या दिवशी गाडी धूर ओकत का होईना, चालत होती. म्हणजे कॉइल करंट देत होती, पंप पेट्रोल ओढत होता. मग गॅरेजात पडल्या पडल्या ते एकदम कसे मरतील? जिथं जिथं पाना लागला, तिथं आधी बघायला हवं.

टाकळघाटच्या एका निवृत्त गुरुजींची प्रीमियर पद्मिनी अशीच आली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणतात. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकलेले, क्रँक घासलेला, हेडचं काम झालेलं. लेथचं काम खरोखर चांगलं होतं. पण सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं आणि मधूनच कार्बोरेटरमधून फाट्‌कन आवाज यायचा. “सुरूच नाही होऊन राहिली न भाऊ,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पिशवी पुढं केली. तिच्यात बदललेली कॉइल, कंडेन्सर, प्लग आणि सगळ्यांची बिलं.

तो फाट्‌ आवाज ऐकूनच अर्धं काम झालं होतं. कार्बोरेटरमधून जाळ उलटा येतो, म्हणजे प्लग पेटतोय आणि पेट्रोलही पोचतंय. फक्त ठिणगी भलत्या वेळी पडतेय, इनलेट वाल्व उघडायला लागला असताना. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. त्यामुळं पिस्टन वर येऊन पुलीची खूण जुळते ती दोनदा; एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा जळका धूर बाहेर टाकून झाल्यावर. बांधणाऱ्यानं खूण जुळवली होती, पण यातली कोणती हे बघितलं नव्हतं.

ते बघायला यंत्र लागत नाही. एक नंबरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याला पान्यानं क्रँक हळूहळू फिरवायला सांगायचं. हवा अंगठा ढकलायला लागली की ते कॉम्प्रेशन. तिथून खुणेपर्यंत आणून थांबायचं आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडायची. रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरीकडं हवं. गुरुजींच्या गाडीत ते चार नंबरकडं होतं. डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा फिरवून बसवला, पॉइंटचा गॅप घेतला, टायमिंग बांधलं. गाडी सुरू झाली.

गुरुजी खूश झाले, पण बिल बघून म्हणाले, “पार्ट तर तुम्ही एकही नाही टाकला. मग पैसे कशाचे?”

माझं भांडण गुरुजींशी नाही, या प्रश्नाशी आहे. बिनकामाच्या कॉइलचे पैसे त्यांनी निमूट दिले, कारण कॉइल हातात धरता येते. डॉक्टरनं तपासून ‘औषधाची गरज नाही’ म्हटलं तरी आपण त्याची फी देतो. मेकॅनिकनं तेच केलं तर त्यानं लुबाडलं असं वाटतं. याचा परिणाम सरळ आहे. विचार करण्यात कमाई नाही, पार्ट बदलण्यात आहे, वर दुकानाचं कमिशनही सुटतं. मग नवी पोरं तेच शिकतात.

आता तर पोरांच्या हातात स्कॅनर आहे. परवा एक कॉमनरेल डिझेल पिकअप आली. चेन नवी टाकलेली, इंजिन बांधलेलं, स्टार्ट नाही. स्कॅनरवर कोड पी ००१६, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. त्यावरून आधीच्या गॅरेजात दोन्ही सेन्सर बदलून झाले होते. अरे, सेन्सर खरंच सांगत होता! चेन एक दात चुकली होती. स्कॅनर घोळ दाखवतो. तो कुणी केला हे कव्हर उघडूनच बघावं लागतं.

बाकीचे नेहमीचे घोळही सांगून टाकतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी लागते. ती लावायची राहिली तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून धूर येतो. टॅपेट जास्त घट्ट केले तर वाल्व पूर्ण बंद होत नाहीत आणि कॉम्प्रेशन निसटतं. अशा वेळी सेल्फवर इंजिन सुर्रकन, बिनजोराचं फिरतं. कान असला तर लगेच कळतं. गेजवर कॉम्प्रेशन कमी आलं तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून परत मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर बहुधा वाल्व किंवा गॅस्केट. नव्या रिंगांचं इंजिन घट्ट असतं, तेव्हा बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. पण मीटर लावून घ्या. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर बोला. आणि काही महिने टाकीत पडलेलं पेट्रोल आधी काढून टाका. त्यात मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढतं.

गिऱ्हाइकाची भीतीही खोटी नाही. ‘चेक केलं’ म्हणून पैसे घ्यायचे आणि सांगायचं काहीच नाही, हेही चालतं. म्हणून तपासणीचे पैसे घेणाऱ्यानं काय तपासलं ते कागदावर लिहून द्यावं: प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, व्होल्टेज, टायमिंग. दुरुस्ती ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवाच आहे, आणि बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. आमच्या धंद्यातल्या कित्येकांना हे माहीत नाही, आणि माहीत आहे त्यांना सोयीचं नाही.

तेव्हा गाडी इंजिनकामाला टाकाल तेव्हा कॉम्प्रेशनचे आकडे लिहून मागा, काढलेले पार्ट परत मागा आणि तपासणीची फी आधीच ठरवा. तेवढंही जमत नसेल, तर दुसरी कॉइल विकत घेण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा: पहिलीतून करंट येतो का, ते बघितलं का?