धरू की सोडू?

दिवाळीच्या आधी आठ दिवस आपल्याकडे घरोघर एक वाद हटकून होतो. माळ्यावरचे सामान खाली येते आणि ठेवायचे काय, टाकायचे काय यावरून घरात दोन पक्ष पडतात. ज्याने वस्तू हौसेने आणली तो म्हणतो, ‘राहू दे’. जिला ती दर वर्षी पुसावी लागते ती म्हणते, ‘टाका एकदाची.’ तत्त्वे मागाहून सुचतात. यंदा हाच वाद मला थेट अमेरिकेतून ऐकावा लागला, आणि तो भांड्याकुंड्यांवरून नव्हता, चक्क माणसांवरून होता.

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. तो आणि त्याचे अकरा मित्र ‘फँटसी फुटबॉल’ खेळतात. या खेळात मैदान नाही, चेंडू नाही, आणि धावपळ तर मुळीच नाही. अमेरिकेचे फुटबॉल म्हणजे ज्यात चेंडू पायांपेक्षा हातांतच अधिक असतो ते. त्यातले खरेखुरे खेळाडू हे बारा जण पाळीपाळीने आपापल्या कागदी संघात निवडतात. रविवारी खऱ्या सामन्यात खेळाडूने टचडाउन केला, की इकडे त्याच्या कागदी मालकाच्या खात्यावर सहा गुण! १९६२ साली ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोघातिघांच्या साथीने ही कल्पना काढली आणि १९६३ साली ओकलंडला आठ संघांची पहिली निवड झाली. आज तिथे लाखो लोक या नादात आहेत.

साध्या खेळात दर वर्षी पाटी कोरी होते. पण माझ्या भाच्याच्या मंडळीत ‘कीपर’ पद्धत आहे. म्हणजे गेल्या वर्षीचे दोन खेळाडू आपल्याकडे राखून ठेवता येतात. खेळाडू ज्या फेरीत निवडला असेल, त्या फेरीतली आपली पाळी सोडायची, एवढीच त्याची किंमत. निवडीत कोणी न घेतलेला खेळाडू मागाहून फुकट उचललेला असला, तर फक्त शेवटची, सोळावी फेरी जाते. किती वर्षे राखायचा, याला मर्यादा नाही. मेख इथेच आहे.

२०२३ साली लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने पुका नाकुआ नावाचा पोरगा पाचव्या फेरीत घेतला. तोपर्यंत त्याला कोण विचारतो? पण पहिल्याच सामन्यात त्याने दहा झेल घेतले आणि मोसमाअखेर १०५ झेल व १४८६ यार्ड करून नवोदितांचे तोवरचे विक्रम मोडले. भाच्याच्या एका मित्राने त्याला पहिल्याच आठवड्यात फुकट उचलला होता. तेव्हापासून हे रत्न त्याच्याकडे सोळाव्या फेरीच्या भावात आहे.

बाकीच्यांचे पित्त खवळले, यात नवल नाही. एक म्हणाला, राखणेच बंद करा. दुसरा म्हणाला, दोन वर्षांची मर्यादा घाला. रत्नधारी म्हणाला, “तुम्ही सगळे झोपला होता तेव्हा मी जागा होतो. जागरणाचं फळ मी का सोडू? आणि जोखीम माझीच नाही का?” त्याचेही खोटे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, मोसम तोंडावर आला असताना, इंडियानापोलिसचा अँड्र्यू लक वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी अचानक निवृत्त झाला. ज्यांनी त्याला राखला होता त्यांची भरपाई कोणी केली?

“मामा, तुम्हीच सांगा आता,” भाचा म्हणाला.

मी मुंबईचा माणूस. मला पहिली आठवण झाली ती पागडीच्या खोलीची. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. ज्याला खोली मिळाली त्याच्या पिढ्या त्या भाड्यात सुखात राहिल्या. ज्याला नाही मिळाली तो विरार गाठून मोकळा झाला. आत असलेला माणूस वाईट नव्हता. पण बाहेरच्याला चाळीत शिरायला दारच उरले नाही.

धरून ठेवण्याची भूक वाढत कशी जाते, हे अमेरिकेच्याच बेसबॉलने दाखवले आहे. १८७९ साली तिथल्या क्लबांनी ठरवले, की प्रत्येकाने फक्त पाच खेळाडू राखून ठेवावेत. पुढे पाचाचे अकरा झाले आणि शेवटी जवळजवळ सगळा संघच राखीव झाला. १९६९ साली सेंट लुइसच्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले, तेव्हा तो कोर्टात गेला आणि १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात हरला. ही साखळी तुटली ती १९७५ च्या डिसेंबरात, एका लवादाच्या निर्णयाने. कागदी खेळाडूला अर्थात काही दुखतखुपत नाही. पण मालकाची वृत्ती तीच: जे एकदा आपले झाले, ते कायमचे आपले!

आपल्या आयपीएलने यातून एक शहाणी वाट काढलेली दिसते. ३१ जुलै २०२४ ला मुंबईत संघमालकांची बैठक झाली, तेव्हा तिथेही हेच दोन पक्ष होते. पुढे नियम आला: राखायचे तर फार तर सहा, आणि लिलावाच्या १२० कोटींतून त्याची किंमत मोजायची. पहिल्या तिघांना १८, १४ आणि ११ कोटी. पण चौथ्याला पुन्हा १८! मुंबईने बुमरा, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा राखले आणि ७५ कोटी मोजले. राखायला मनाई नाही, पण फुकट काही नाही.

तेव्हा मी भाच्याला निवाडा कळवला, तो असा. दोन खेळाडू राखण्याची मुभा राहू द्या. नाहीतर डोळा ठेवून पोरगा हेरण्याची मजाच जाईल. पण दर वर्षी त्याची किंमत चार फेऱ्यांनी वाढवा: सोळावी, मग बारावी, मग आठवी. तीन वर्षे झाली की खेळाडू पुन्हा सर्वांच्या पंगतीत. आणि हे पुढच्या मोसमापासून. नियम पाहून ज्याने डाव मांडला, त्याचे पान मध्येच ओढू नये.

भाचा म्हणाला, “एवढं कडक कशाला? चालू द्यावं की जसं आहे तसं.”

मी विचारले, “गेली दोन वर्षं शेवटचा कोण आला?”

तो जरा थांबला. शेवटचा आलेला मित्र वादात एक शब्दही बोलला नव्हता. त्याने एवढेच कळवले होते, की पुढच्या वर्षी मला धरू नका. ही बारा पोरे शिकत असताना एकाच इमारतीत राहिलेली. आता नोकऱ्यांपायी पाच गावांना पांगली आहेत. ऑगस्टअखेर निवडीच्या दिवशी तेवढी एकत्र जमतात. पहिला आलेला कधीच सोडून जात नाही. मंडळ मोडते ते बाराव्याच्या जाण्याने, आणि मग नाकुआ पंधरा वर्षे राखला तरी त्याचे गुण मोजायचे कुणापुढे?

मतदान अजून व्हायचे आहे. माझा निवाडा पडेल की टिकेल, सांगता येत नाही. पण बारावा मत द्यायला येतो म्हणाला आहे.