बंडगार्डनच्या रस्त्याला आधी पाणी हवे

पुणे स्टेशनकडून वाडिया महाविद्यालयावरून पुढे निघाले, की बंडगार्डन रस्ता मुळा-मुठेपाशी येतो. पुण्यातला हा एके काळचा सर्वांत देखणा रस्ता. आज तिथे पोचणाऱ्याला नदी दिसण्याआधी तिचा वास येतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे जलपर्णीचा असा हिरवा थर बसतो की खाली पाणी आहे हे सांगावे लागते.

हा रस्ता फिरण्याच्या हौसेतून जन्मला नाही. कॅम्पातली वस्ती वाढत होती आणि पाण्याची ओढ होती. म्हणून १८५० साली इथे नदीवर दगडी बंधारा बांधला गेला. खर्च अडीच लाख रुपयांच्या घरात गेला आणि त्यातला मोठा वाटा मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतः उचलला. अडवलेल्या पाण्याच्या काठी बाग फुलली. बंधाऱ्याला इंग्रज ‘बंड’ म्हणत, तेच नाव बागेला आणि रस्त्याला चिकटले. आता पाटीवर महात्मा गांधी उद्यान लिहिलेले असले, तरी रिक्षावाल्याला बंडगार्डनच सांगावे लागते.

पाठोपाठ पूल आला. कॅप्टन रॉबर्ट सेलन यांनी बांधलेला, मुंबईचे गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांच्या नावाचा हा दगडी कमानींचा पूल १८६९ मध्ये पुरा झाला. त्याच्या टोकांना पंजाखाली गोळा धरलेले सिंह बसवलेले आहेत. नवे पूल झाल्यावर त्याच्यावरची वाहने थांबली. इकडे बंधाऱ्यामुळे मुळा आणि मुठेच्या संगमापर्यंत पाणी तुंबून राहिले आणि पुण्यात वल्ही चालू लागली. १८६८ चा रॉयल कनॉट बोट क्लब आणि त्याच्यावरून पडलेले बोट क्लब रोड हे नाव त्याच काळातले. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थीही याच पाण्यात नौकानयनाची आपली रेगाटा भरवत आले आहेत. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि शहराची तहान तिकडून भागू लागली. बंडगार्डनच्या पाण्याला मग शोभेपुरतेच काम उरले, आणि आपले दुर्लक्षही बहुधा तिथूनच सुरू झाले.

क्रम मात्र लक्षात घ्यायला हवा. आधी पाणी, मग बाग, मग रस्ता आणि पूल. आज महापालिका नेमके उलट्या बाजूने चालली आहे. नदीकाठ सुधार योजना ४४ किलोमीटरची. मार्च २०२२ मध्ये तिचे भूमिपूजन झाले आणि काम आधी संगम ते बंडगार्डन आणि तिथून मुंढव्याच्या दिशेने हाती घेतले गेले. भराव, पायऱ्या, फिरायला पदपथ. २०२३ च्या एप्रिलमध्ये या कामात तुटणाऱ्या झाडांसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, ‘चिपको’ म्हणत चालले. त्यांना विकासविरोधी ठरवणे सोपे होते, पण त्यांचा प्रश्न रास्त होता. जुनी झाडे तोडून नवी रोपे लावल्यावर तीच सावली मिळायला किती वर्षे लागतील? शिवाय बंधाऱ्याच्या खाली, येरवड्याच्या काठावर सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून पक्षीप्रेमींनी जपलेला पट्टा आहे. तिथल्या पक्ष्यांना पायऱ्यांचा उपयोग नाही, त्यांना चिखल आणि झुडपे लागतात.

दुसरीकडे सांडपाण्याची जपानी कर्जावरची योजना आहे. ११ नवी शुद्धीकरण केंद्रे, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. ती वर्षानुवर्षे रेंगाळली. मैलापाणी तसेच वाहत असताना काठावर फरशी बसवणे हा पैशाचा अपव्यय आहे, कारण त्या वासात संध्याकाळी तिथे बसणार कोण? पुराचेही तेच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. नदीचे पात्र आणखी आवळणाऱ्या प्रत्येक भरावाचा हिशेब त्या दिवसासमोर मांडला पाहिजे.

नदीकाठी फिरायला जागा हवीच. त्यासाठी बंडगार्डनच्या परिसरातले भरावाचे काम थांबवावे. आधी ही शुद्धीकरण केंद्रे पूर्ण क्षमतेने चालवावीत आणि त्यांचे मोजमाप दर महिन्याला उद्यानाच्या फाटकावर लावावे. जुनी झाडे आणि पक्ष्यांचा पट्टा आराखड्यातून वगळावा. जुना पूल केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि त्याच्या दगडांची डागडुजी वास्तुवारशाच्या जाणकारांकडून करून घ्यावी. पदपथाची निविदा त्यानंतर काढली तरी चालेल.